आंदोलक, मोर्चेकरी, सत्याग्रही, कार्यकर्ता : कोणाला काय म्हणावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यात निवेदने, पत्रके, गावाकडच्या बातम्या, ग्रामसभेचे ठराव किंवा कॉलेजचे प्रकल्प लिहिणाऱ्यांना हे प्रश्न हमखास पडतात. सगळ्या उत्तरांचा रोख एकच आहे : माणूस कोण आणि त्याने केले काय, हे आधी लिहा. त्याला काय म्हणायचे ते त्यातूनच ठरते.

'आंदोलक' म्हणजे नेमका कोण?

एखादी मागणी मान्य व्हावी किंवा एखादा निर्णय मागे घेतला जावा म्हणून इतरांच्या बरोबरीने, उघडपणे रस्त्यावर उतरलेला माणूस. मागणी हवी, सोबत हवी आणि उघडपणा हवा. तहसील कचेरीत तक्रार देऊन घरी गेलेला माणूस आंदोलक नव्हे, तो अर्जदार किंवा तक्रारदार. न्यायालयात गेलेला याचिकाकर्ता. मागणी नसताना नुसता जमलेला तो जमाव.

या सगळ्या शब्दांत 'आंदोलक' सर्वांत तटस्थ आहे. लिहिणारा बाजूने आहे की विरोधात, हे त्यातून कळत नाही. त्यामुळे बातमीत तो बिनधोक चालतो. त्याचा तोटाही त्यातच आहे. 'आंदोलकांनी रस्ता अडवला' एवढेच लिहिले, तर ते निफाडचे द्राक्ष बागायतदार होते, सुरगाण्याच्या वनपट्टाधारक होत्या की सातपूरचे कंत्राटी कामगार होते, हे वाचकाला कळत नाही. म्हणून पहिल्या वाक्यात माणसाची ओळख द्या आणि 'आंदोलक' दुसऱ्या वाक्यापासून वापरा.

संगीतात आणि विज्ञानातही 'आंदोलन' आहे. हे तेच का?

मूळ तेच. संस्कृतात आंदोलन म्हणजे झुलणे, हेलकावे घेणे. दरबारी कानडा रागातला कोमल गंधार हा स्वर आंदोलित असतो, म्हणजे तो एका जागी स्थिर न राहता सावकाश झुलतो. सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येला संगीताच्या पुस्तकांत आंदोलनसंख्या म्हणतात. राजकीय अर्थ नंतरचा आहे : स्थिर बसलेली व्यवस्था हलवणे. भौतिकशास्त्राविषयी लिहिताना मात्र 'दोलन' आणि 'दोलक' हे शब्द घ्या, म्हणजे गोंधळ होत नाही.

चळवळ आणि आंदोलन यांत फरक काय?

चळवळ वर्षानुवर्षे चालते. आंदोलन हा तिच्यातला एक टप्पा, ज्याला सुरुवातीची तारीख असते आणि बहुधा शेवटचीही. शेतकरी चळवळ ही चळवळ. 1980 साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी झालेला रास्ता रोको हे आंदोलन. उसाला टनामागे 300 रुपये भाव, ही त्यातली मागणी. मागणीचा आकडा सांगता येतो, तिथे बहुधा आंदोलन असते. चळवळीची मागणी अशी एका आकड्यात मावत नाही.

'चळवळ' हा शब्द जुना आहे. समर्थ रामदासांच्या 'सामर्थ्य आहे चळवळेचे' या ओवीत तो भेटतो, आणि समर्थांनी ज्या टाकळीत तपश्चर्या केली ती नाशिकचीच. चळवळीतल्या माणसासाठी 'चळवळ्या' हे रूप बोलण्यात आहे, पण त्यात स्वस्थ न बसणारा, कुठेही नाक खुपसणारा अशी छटा येते. लेखी मजकुरात 'चळवळीतला कार्यकर्ता' म्हणा.

'मोर्चेकरी' कधी म्हणावे?

चालत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन मागणी मांडणाऱ्यांना. गोल्फ क्लबवरून, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावरून निघून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेलेले लोक मोर्चेकरी. तिथे पोहोचून ते फाटकापुढे बसले, की बसल्यापासून ते ठिय्या देणारे आंदोलक होतात. 'मोर्चेकरी सकाळपासून बसून आहेत' हे वाक्य म्हणूनच खटकते.

मोर्चा हा शब्द लढाईतून आला आहे. किल्ल्याला वेढा देताना तोफांसाठी जागा धरून मोर्चे लावत. 'मोर्चेबांधणी'त तो अर्थ अजून शिल्लक आहे, म्हणून निवडणुकीची मोर्चेबांधणी आणि कामगारांचा मोर्चा यांची सरमिसळ करू नका.

'-करी' प्रत्यय मराठीत प्रतिष्ठेचा आहे : शेतकरी, वारकरी, गावकरी, संपकरी. काम करणारा, एवढेच तो सांगतो, हिणवत नाही. '-खोर' त्याच्या उलट आहे : भांडखोर, दंगेखोर, हरामखोर. प्रत्यय बदलला की त्याच माणसाकडे बघण्याची नजर बदलते. मजकूर पाठवण्याआधी त्यातले सगळे '-खोर' एकदा शोधून बघावेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्यांना काय म्हणावे?

अखिल भारतीय किसान सभेच्या त्या मोर्चाला 'किसान लाँग मार्च' हेच नाव रूढ आहे, त्याचे भाषांतर करू नका. तो 6 मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला आणि सुमारे 180 किलोमीटर चालून 12 मार्चच्या पहाटे आझाद मैदानावर पोहोचला. चालणाऱ्यांना 'मोर्चेकरी शेतकरी' म्हणा. त्यांत आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते आणि वनहक्क कायद्याखाली कसत्या जमिनी नावावर व्हाव्यात ही मुख्य मागण्यांपैकी एक होती. नुसते 'शेतकरी' लिहिले की कर्जमाफी तेवढी डोळ्यांसमोर येते आणि वनजमिनीचा प्रश्न बाजूला पडतो. दहावीची परीक्षा सुरू होती, मुलांची अडचण होऊ नये म्हणून मुंबईतला शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून संपवला. प्रकल्पात हा तपशील जरूर घ्या. मोर्चेकरी म्हणजे वाहतुकीची कोंडी, हा समज त्याने पुसला जातो.

कोणत्याही आंदोलकाला 'सत्याग्रही' म्हणता येते का?

नाही, आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यासाठी शब्द शोधताना मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवला आणि गांधीजींनी त्याचा 'सत्याग्रह' केला. अन्यायाचा वाटणारा नियम आधी जाहीर करून मोडणे, हात न उचलणे, आणि त्याबद्दल होणारी शिक्षा न टाळता भोगणे, या तिन्ही गोष्टी असतील तर सत्याग्रही म्हणावे. दगड उचलला की सत्याग्रह संपला. तोंड लपवून नियम मोडला तर तो सत्याग्रह नव्हेच. परवानगी घेऊन ठरलेल्या मैदानावर दोन तास केलेली घोषणाबाजी म्हणजे निदर्शने. त्यांची किंमत त्यामुळे कमी होत नाही, पण मोडलेला नियमच तिथे नसतो.

नाशिककरांना उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दरवाजे बंद करण्यात आले. मग तुकड्या करून सत्याग्रही चारही दरवाजांवर बसू लागले. तो अधूनमधून थांबत 1935 पर्यंत चालला, आणि दादासाहेब गायकवाड यांनी तो स्थानिक पातळीवर नेटाने चालवला. आधी जाहीर केलेली तारीख, आपल्या बाजूने संयम आणि तुरुंगात जाण्याची तयारी, या तिन्ही कसोट्यांवर तो उतरतो. त्यात बसलेल्यांना 'आंदोलक' म्हणणे चूक ठरणार नाही, पण त्यांनी जे सोसले ते त्या शब्दात येत नाही. तिथे 'सत्याग्रही'च लिहा.

त्याला 'मंदिर प्रवेशाची मागणी' एवढ्यावर आटपू नका. मागणी समान माणूस म्हणून हक्काची होती, दरवाजा हे तिचे ठिकाण होते. पुढे 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ती घटना सत्याग्रह नव्हे, घोषणा किंवा परिषद आहे. 'येवल्याचा सत्याग्रह' असे लिहिलेले आढळते, ते दुरुस्त करावे.

उपोषणाला बसलेल्याला काय म्हणावे? उपोषणाचे प्रकार कोणते?

'उपोषणकर्ता' म्हणावे. 'उपोषणार्थी' ऐकू येते, पण '-अर्थी' म्हणजे इच्छिणारा, जसा विद्येची इच्छा असलेला विद्यार्थी. उपोषणाची कोणाला हौस नसते.

लाक्षणिक उपोषण ठरलेल्या वेळेपुरते, बहुतेक एका दिवसाचे. साखळी उपोषणात माणसे पाळीपाळीने बसतात, एक तुकडी उठते तेव्हा दुसरी बसलेली असते. आमरण किंवा बेमुदत उपोषण मागणी मान्य होईपर्यंत. साखळी उपोषणाला बेमुदत म्हणता येते, आमरण म्हणता येत नाही, कारण त्यात कोणी एकजण सलग उपाशी नसतो. ही चूक पत्रकात गेली की आरोग्य पथक आणि पोलीस दोघेही वेगळ्याच तयारीने येतात.

क्रियापदही नीट बघा. उपोषण सोडले म्हणजे रस घेऊन उपास मोडला. मागे घेतले म्हणजे विषय संपवला. स्थगित केले म्हणजे आश्वासनाची मुदत संपेपर्यंत थांबवले, मागणी उभीच आहे. स्थगितीला 'मागे घेतले' लिहिणे हा उपोषणकर्त्यावर अन्याय आहे. अधिकारी नंतर तेच कात्रण पुढे करतात.

'लिलाव बंद पाडला' आणि 'लिलाव बंद ठेवला' यांत फरक आहे का?

फार मोठा, आणि कांद्याच्या जिल्ह्यात तो माहीत असायलाच हवा. भाव कोसळला म्हणून शेतकऱ्यांनी बाजार समितीच्या आवारात बोली थांबवली, तर त्यांनी लिलाव बंद पाडला. व्यापाऱ्यांनी बोलीला येणेच नाकारले, तर त्यांनी लिलाव बंद ठेवले किंवा लिलावावर बहिष्कार टाकला. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावल्यावर जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद राहिले होते. अशा वेळी शेतकरी, व्यापारी, हमाल-मापारी या सगळ्यांनाच 'आंदोलक' म्हटले, तर कोणाचे म्हणणे काय होते हे कोणालाच कळत नाही. लासलगाव, पिंपळगाव बसवंत किंवा उमराणे, कुठलीही बातमी असो, लिलाव कोणी थांबवला ते कर्त्यासह लिहा. 'लिलाव ठप्प झाले' हे वाक्य कर्ता लपवते.

'कार्यकर्ता' म्हणजे पक्षाचा की समाजाचा?

दोन्ही, म्हणून विशेषण लावल्याशिवाय वापरू नका : पक्षाचा कार्यकर्ता, कामगार संघटनेचा कार्यकर्ता, माहिती अधिकार कार्यकर्ता, अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारी कार्यकर्ती. आंदोलक ही त्या दिवसापुरती भूमिका, कार्यकर्ता ही कामाची ओळख. मोर्चात आलेली शेतमजूर बाई आंदोलक आहे, कार्यकर्ती असेलच असे नाही. पदाधिकारी, सभासद, समर्थक आणि कार्यकर्ता हे चारही वेगळे. पदाधिकाऱ्याकडे संघटनेने दिलेले पद असते, सभासदाकडे पावती असते, समर्थकाकडे यांतले काहीच नसते.

सुधारक, क्रांतिकारक आणि बंडखोर कोणाला म्हणावे?

सुधारक समाजाच्या चालीरीती बदलू पाहतो, मुख्यतः विचार, लेखन, संस्था आणि कायदा या वाटेने. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 1842 साली निफाडचा. त्यांच्यासाठी हा शब्द चपखल आहे. एकोणिसाव्या शतकात तो टिंगलीनेही वापरला जाई. आगरकरांनी 1888 मध्ये आपल्या पत्राचे नावच 'सुधारक' ठेवले. महात्मा फुले यांच्यासाठी नुसते 'सुधारक' अपुरे पडते. त्यांनी 1873 मध्ये स्थापलेल्या सत्यशोधक समाजाने स्वतःचा शब्द दिला आहे, तो वापरा.

क्रांतिकारक सत्ताच उलथवू पाहतो. अनंत कान्हेरे यांनी 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सरकारी कागदांत 'नाशिक कट' असा शब्द येतो. तो खटल्याचे नाव म्हणूनच लिहा, माणसांचे वर्णन म्हणून नको.

माणसासाठी नाम 'क्रांतिकारक', आणि 'क्रांतिकारी' हे विशेषण : क्रांतिकारी विचार. 'ति' दोन्हीकडे ऱ्हस्व. एकटा शब्द 'क्रांती' दीर्घ, पण समासात पहिला आला की ऱ्हस्व : क्रांतिवीर, क्रांतिदिन, क्रांतिज्योती. फलकांवर 'क्रांतीदिन' सर्रास दिसतो, तो चुकीचा.

बंडखोर आता बहुतेक तिकीट न मिळालेल्या उमेदवारापुरता उरला आहे. तिथेच राहू द्या.

'बिऱ्हाड आंदोलन' आणि 'उलगुलान' हे काय आहे?

नाशिकमध्ये आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड आंदोलने झाली आहेत. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, शिधा घेऊन मुक्कामाच्या तयारीने येणे, हा त्याचा अर्थ. चूल तिथेच पेटते. नुसता ठिय्या असेल तर हा शब्द वापरू नका.

उलगुलान हा बिरसा मुंडा यांच्या छोटा नागपूरमधल्या उठावाचा शब्द, मुंडारी भाषेतला. तो आता महाराष्ट्रातल्या आदिवासी मोर्चांच्या फलकांवर असतो. आयोजकांनी नाव दिले असेल तर जसेच्या तसे लिहा. आपण होऊन दुसऱ्या कोणाच्या मोर्चाला ते नाव चिकटवू नका.

कोणत्या शब्दाबरोबर कोणते क्रियापद?

मोर्चा काढतात, नेतात, तो धडकतो किंवा अडवला जातो. धरणे धरतात. ठिय्या मांडतात किंवा देतात. संप पुकारतात; तो मिटतो, फुटतो किंवा मोडून काढला जातो, आणि या तिन्हींचे अर्थ वेगळे : मिटला म्हणजे तडजोड झाली, फुटला म्हणजे संपकऱ्यांतलेच काही कामावर गेले, मोडला म्हणजे बाहेरून दडपला. बंद पुकारणारे वेगळे, पाळणारे वेगळे. निदर्शने नेहमी अनेकवचनी. एकवचनी 'निदर्शन' म्हणजे दाखवून देणे. 'रास्ता रोको'तला 'रास्ता' हिंदीतून जसाच्या तसा आला आहे, तो बदलू नका. बाकी वाक्यात मात्र 'रस्ता'.

पोलिसांनी 'ताब्यात घेतले' की 'अटक केली'?

विचारून लिहा. ताब्यात घेतलेल्या आंदोलकांना बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत सोडून देतात. अटकेची नोंद होते आणि अटक झालेल्याला 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. 'गुन्हा दाखल झाला' म्हणजे तक्रार नोंदली गेली, गुन्हा सिद्ध झाला नव्हे. तरुण आंदोलकाच्या नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत हे शब्द आडवे येतात, म्हणून इथे घाई नको. जुन्या मजकुरातले जमावबंदीचे 'कलम 144' आता चालणार नाही. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163 आले आहे.

'आंदोलनजीवी', 'समाजकंटक', 'दंगेखोर' वापरावेत का?

आपल्या वाक्यात नाही. 'आंदोलनजीवी' फेब्रुवारी 2021 मध्ये पंतप्रधानांच्या राज्यसभेतल्या भाषणातून आला. कोणी म्हटला असेल तर अवतरणात आणि बोलणाऱ्याच्या नावासह द्या. 'समाजकंटक' ही पोलीस प्रसिद्धीपत्रकाची भाषा आहे. ज्याने काच फोडली त्याला 'काच फोडणारा' म्हणा, उरलेल्या हजारोंना त्यात ओढू नका.

निवेदनात आम्ही स्वतःला काय म्हणावे?

'आंदोलक' म्हणू नका. निवेदन आंदोलनाच्या आधीचे असते आणि त्यात तुमचा हक्क कुठून येतो ते दिसायला हवे. 'आम्ही खाली सह्या करणारे, अमुक गावचे, अमुक गटातील खातेदार शेतकरी' किंवा 'अमुक आश्रमशाळेतील रोजंदारी कर्मचारी' अशी सुरुवात करा. मग विषय एका ओळीत, मागणी क्रमांक घालून, आधी दिलेल्या अर्जांच्या आवक क्रमांकासह तारखा, आणि उत्तरासाठी मुदत. 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' हे ठोकळेबाज वाक्य अधिकारी वाचतही नाहीत. त्याऐवजी कोणत्या तारखेला, कुठे, काय करणार ते लिहा. दुय्यम प्रतीवर आवक शिक्का घ्या.

पोलीस ठाण्याला द्यायचे पत्र वेगळे. त्यात तारीख, सुरुवातीची आणि संपण्याची वेळ, निघण्याचे ठिकाण, मार्ग, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक आहे की नाही, आणि जबाबदार व्यक्तींची नावे. इथे सही करणारा 'आयोजक' ठरतो आणि नोटीस त्याच्या नावाने येते. म्हणून 'समस्त ग्रामस्थ' अशी सही चालत नाही.

बायकांसाठी वेगळी रूपे आहेत का?

कार्यकर्ता–कार्यकर्ती, अनेकवचन कार्यकर्त्या. उपोषणकर्ता–उपोषणकर्ती. आंदोलक, सत्याग्रही, मोर्चेकरी ही दोन्हींना चालतात; 'आंदोलिका' असा शब्द घडवू नका. मोर्चात बायकाच असतील तर क्रियापदातून दाखवा : 'मोर्चेकरी महिला पहाटेच निघाल्या'. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले, त्याविषयी लिहिताना 'शेतकऱ्यांच्या बायका' असे लिहिलेले आढळते. त्या स्वतः शेतकरी होत्या.

'मोर्चेकर्यांनी' असे का उमटते?

साधा र वापरल्यामुळे. इथे अर्ध्या र चे ऱ्य किंवा ऱ्ह हे रूप लागते : मोर्चेकऱ्यांनी, संपकऱ्यांना, बिऱ्हाड. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबले की ऱ मिळतो, मग हलन्त आणि य किंवा ह. 'कार्यकर्त्यांनी'मध्ये मात्र नेहमीचा रफार. एकवचन 'कार्यकर्त्याने', अनेकवचन 'कार्यकर्त्यांनी'. अनुस्वार गाळून लिहिलेले 'कार्यकर्त्यानी' एकाचे की अनेकांचे, ते कळत नाही. 'सत्याग्रहींनी' आणि 'सत्याग्रह्यांनी' ही दोन्ही रूपे चालतात, एका मजकुरात एकच ठेवा.